निळ्या दोरीचं घरटं

फार जुनी नाही, परवापरवाची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. एका नराने गवत सोडून बांधावर पडलेली प्लॅस्टिकची निळी दोरी उसवली आणि तिचं घरटं विणायला घेतलं.

रीतीप्रमाणे अर्धं घरटं पारखायला मादी आली. चोचीने एक धागा ओढून तिने विचारलं, "हे कुजतं कधी?"

"कधीच नाही!" नर ऐटीत म्हणाला.

"मग पिल्लं उडून गेल्यावर याचं काय करायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मादी शेजारच्या गवताच्या घरट्यात गेली.

पुढच्या वर्षी तोच नर चोचीत हिरवं पातं घेऊन आला. शेजाऱ्याचं जुनं घरटं केव्हाच गळून गेलं होतं, तिथे तो शेजारी नवं विणत होता. याची फांदी मात्र अडलेली होती. तिच्यावर त्याचंच निळं, रिकामं घरटं जसंच्या तसं डुलत होतं.