गोविंदचं पान

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर धान्याचा एक व्यापारी पत्नीला आणि मुलाला घेऊन आला. मुलाचं नाव मुकुंद, वय बारा, अंगाने फार स्थूल. ओसरीच्या चार पायऱ्या चढतानाच त्याला धाप लागली. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून तो भिंतीला टेकून झोपत असे.

"औषध द्या, पण पथ्य सांगू नका," आई आधीच म्हणाली. "माझं लेकरू अर्धपोटी उठलेलं मला बघवणार नाही."

पथ्य नको आणि गुण मात्र हवा, असं म्हणणारे वैद्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी मुलाची नाडी पाहिली आणि विचारलं, "बाई, हा तुमचा पहिलाच का?"

तिने मान खाली घातली. "याच्या आधीचा गोविंद. दुष्काळात गेला. भूक भूक करत गेला. तेव्हा हा व्यापार नव्हता, घरात मूठभर कण्याही नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी वैद्य आपल्या शिष्यासह त्यांच्या घरी ऐन जेवणाच्या वेळी पोहोचले. "मुकुंदशेजारी आणखी एक पान मांडा," ते म्हणाले, "आणि आधी गोविंदला वाढा."

शिष्य चपापला. असा उपचार त्याने कोणत्याही ग्रंथात वाचला नव्हता.

आई वाढू लागली. भात, वरण, तूप, पुरणपोळ्या. पान ओसंडलं तरी तिचा हात थांबेना. ती रडत होती आणि वाढत होती. तिला कोणी अडवलं नाही. अखेर ती आपणहून थांबली.

वैद्य शिष्याला म्हणाले, "समोरच्या हमालाच्या घरी आज चूल पेटलेली दिसत नाही. हे पान त्याच्या मुलांना नेऊन दे." मग ते आईकडे वळले.

"बाई, याला भूक एकाची आणि तुम्ही रोज दोघांचं वाढत आलात. दुष्काळ सरला, पण त्याचं भय तुमच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला राहिलं. उपासमार पाहिलेल्या कितीतरी घरांत हेच होतं. अंगावर मांस दिसलं की लेकरू वाचलं असं वाटतं. तुमचा एक मुलगा भुकेने नेला. दुसरा त्या भुकेच्या धास्तीने जाऊ देऊ नका."

 आईने मुकुंदला वाढलं. दुसऱ्या पोळीनंतर तो हळूच म्हणाला, "आई, पुरे."

हे तो रोजच म्हणत असे. त्या दिवशी तिने ते ऐकलं आणि हातातली पोळी परत डब्यात ठेवली.