घोडेपाणीची फुटकी फरशी

गडावर पहारे होते आणि पहारेकऱ्यांच्या अंगावर लोखंड होतं, त्या काळची, फार फार वर्षांमागची ही गोष्ट. ऐकायची तर पाय पसरून ऐका. या गोष्टीला मांडी घालून बसायची सक्ती नाही. का, ते शेवटी कळेल.

गडाखाली नदीकाठी घोडेपाणी नावाचं गाव होतं. गावात तालीम होती, आणि तालमीत तांबड्या मातीऐवजी काळ्या दगडाची फरशी होती. गडाच्या शिबंदीत, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेत, शिरायचं तर चिलखत घालून दांडपट्टा फिरवता यायला हवा. चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचा अंगरखा, दोघांनी धरून तिसऱ्याच्या अंगावर चढवावा इतका जड. चाहूजी वस्ताद तो पोरांच्या अंगावर चढवत आणि त्या फरशीवर बैठका मारायला लावत. मारता मारता एक दिवस पोराचा गुडघा कट्‌कन वाजे. मग वस्ताद ओरडत, "हाड पिकलं!" आणि तालमीत गूळ वाटला जाई.

हाड पिकलं म्हणे! हाड काय आंबा आहे पिकायला? पण घोडेपाणीचे लोक तसंच मानत. ज्याचा गुडघा मोठ्यानं वाजे, त्याला मुली सांगून येत. दुखतं म्हणणाऱ्याला वस्ताद बांगड्या भरायला सांगत. आणि आईबाप? तेही गूळ खाऊन गुमान घरी जात.

हैबती हा त्या तालमीचा पहिल्या नंबरचा गडी. माणूस भारी तापट. कोंबडं आरवलं तरी त्याच्याशी भांडेल असा. त्याचे गुडघे वाजले की नदीपल्याडच्या गुरांचे कान टवकारत, असं म्हणतात. पुढं एका पावसाळ्यात ते वाजायचे थांबले आणि वाकायचेही थांबले. वस्तादांनी त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला आणि त्याला गडाच्या पागेत लीद उचलायला धाडलं. ज्यांनी त्याच्या नावानं गूळ खाल्ला होता, त्यांच्यातल्या एकानंही चकार शब्द काढला नाही.

पागेत एकदा किल्लेदाराची घोडी लंगडली. सगळी पागा धावली. घोडीला नदीवर नेलं, पोटापर्यंत पाण्यात उभं केलं, मग ओल्या वाळूत हळूहळू चालवलं. पाठीवर आधी काहीच नाही, मग नुसतं खोगीर, आणि फार दिवसांनी स्वार. घोडी पुन्हा दौडू लागली.

ते बघून हैबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच फरफटत तालमीत आला आणि गरजला, "घोडं लंगडलं तर त्याला नदीवर न्हेता, आन् माणूस लंगडला तर त्याला लीद उचलाय लावता? आरं, मी घोडं तरी का न्हाय झालो!"

समोर फरशीवर त्याचा धाकटा भाऊ दुलबा बैठका मारत होता. तोंड घामानं निथळत होतं, ओठ दातांखाली धरलेला.

"दुलबा, कुठं दुखतंय?"

"कुठंच न्हाय, दादा."

वस्ताद आपल्या उंच चौरंगावरून हसले. "बघ, ह्याला म्हंत्यात गडी. येत्या दसऱ्याला हा चिलखत घालणार. तुला लई पुळका आला आसंल, तर दसऱ्याला माजं चिलखत घालून गड चढून दाव. सोडतो तुज्या भावाला."

त्या दिवसापासून हैबती नदीचा झाला. गळाभर पाण्यात उभं राहून तो मुद्गल फिरवी. पाणी मुद्गलाला अडवी, पण सांध्याला हिसका बसू देत नसे. वाळूत सावकाश चाले. वडाची पारंबी धरून अर्धीच बैठक घेई आणि तिथंच थांबून राही. खांद्यावर वाळूची थैली घेई, तीत मूठमूठ वाळू वाढवी, आणि जिथं दुखलं तिथं थांबे. थांबणं त्याला सगळ्यात जड गेलं. दुखलं की तो नदीला शिव्या देई, वस्तादाला देई, स्वतःला देई, पण थांबे. काठावर एक धोंडा होता, बैलजोडीलाही न हलणारा. हैबती त्याला दोन्ही हात लावून ढकलत उभा राही. ना धोंडा हले, ना गुडघा. नुसती ताकद अंगात मुरायची. पुढं पूर आला, तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागून दुभंगलं, आणि पूर ओसरल्यावर धोंडा हातभर सरकलेला दिसला, असं म्हणतात.

दसऱ्याला सगळं गाव गडाच्या दरवाजात जमलं. हैबती वस्तादांचं चिलखत घालून गड चढून आला. आला आणि सगळ्यांसमोर हळूहळू खाली बसला. लोक कान लावून कट्‌ आवाजाची वाट बघत होते. कड्या तेवढ्या किणकिणल्या. मग तो तसाच उठला आणि म्हणाला, "वस्ताद, आता तुमी बसा."

वस्ताद दरवाजात मांडलेल्या आपल्या चौरंगावरून हलले नाहीत. आणि तेव्हा कुठं गावाच्या डोक्यात उजेड पडला. वस्तादांना जमिनीवर बसलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. पंगतीलासुद्धा ते चौरंगावर जेवत. गाव त्याला मान समजत होतं.

"माज्या वस्तादानंबी हेच सांगितलं हुतं रं," चाहूजी पुटपुटले.

"म्हनून पोरांचं गुडघं खायाचं व्हय?" हैबती ओरडला, आणि ज्या पावली आला त्याच पावली गड उतरून तालमीत शिरला. पहार घेतली आणि फरशी फोडू लागला. प्रत्येक घावाला दगडातून कट्‌ असा आवाज उठे. आजवर त्या फरशीनं गिळलेले सगळ्या गुडघ्यांचे आवाज त्या दिवशी बाहेर पडले आणि डोंगरांत घुमत राहिले, असं म्हणतात. ज्याला त्याला आपल्या पोराचा आवाज ओळखू येत होता. आया दारात बसून रडल्या.

शेवटचा दगड फुटला तेव्हा दुलबा भिंतीला धरून पुढं आला. "दादा," तो म्हणाला, "डावा गुडघा. पाडव्यापासनं."

हैबतीच्या हातातली पहार गळाली. दुलबाला खांद्यावर घेऊन तो नदीवर गेला. पण उशीर झाला होता. दुलबा चालू लागला, धावला मात्र कधीच नाही. आणि हैबतीचा राग? तो मरेपर्यंत गेला नाही, आणि जाऊ नयेच.

आज तिथं गडावर पहारे नाहीत, पण तालीम आहे. तिच्यात नदीची वाळू मिसळलेली मऊ माती आहे. फुटकी फरशी उंबऱ्याबाहेर टाकलेली आहे, पाय पुसायला. ही गोष्ट सांगताना घोडेपाणीत कुणाला मांडी घालायला लावत नाहीत. आणि दसऱ्याला पट्ट्याची पूजा झाली की वस्ताद आधी स्वतः मातीत बसतात, आपलं काय दुखतं ते मोठ्यानं सांगतात, मग एकेका पोराला विचारतात, "कुठं दुखतंय?" कुणी हसत नाही. आणि कुणी "कुठंच न्हाय" म्हणालं, तर हैबतीच्या रागानं पुन्हा विचारतात, आणि खरं उत्तर येईपर्यंत त्याला मातीत पाय ठेवू देत नाहीत.