खाजणातला मातीचा खोत

बांधाच्या आत हिरवे दिसते ते खाजण. शहरातून आलेले पाहुणे त्याला दलदल म्हणतात. चिखल दिसला की नाक मुरडायचे, एवढेच त्यांना ठाऊक. खाडीचे खारे पाणी भरतीला जिथे चढते, तिथे मातीचा बांध घालून माणसांनी पाणी बाहेर ठेवले आणि आत भात पिकवला. त्या जमिनीला खाजण म्हणतात. बांध फुटला, की उरते नुसती खाडी.

असे सांगतात, की हा बांध पूर्वी दर उधाणाला एकाच जागी फुटायचा. तेव्हा इथे दाजिबा नावाचा खोत होता. पालखीत बसून पान चघळायचे, पायाला चिखल लागू द्यायचा नाही आणि अर्धे पीक घरी न्यायचे, एवढीच त्या ऐतखाऊची कर्तबगारी. त्याच्याच तुकड्यांवर पोसलेल्या भगताने अंगात आणले आणि सांगितले, खाडीला जीव हवा. खोताने लगेच बांधावर राबणाऱ्या जानूकडे बोट दाखवले. वाट्यावरून तोंड वर करून बोलला होता ना तो!

जानूला खांडीत, म्हणजे बांधाच्या फुटक्या जागी, उभे केले. सारा गाव माना खाली घालून माती ओतायला सरसावला. त्याची बायको गोमी हे बघत होती. तिला खोताची भीती वाटली नाही. गावाची किळस आली. तिने टोपली फेकली आणि पालखीसमोर उभी राहिली.

"खाजनाचा भात सगल्यान जास्ती तुमी खाल्ला, खोत. मंग खारीच्या तोंडाला गोर कोन लागंल? आधी तुमी बसा, मंग माझा घो पुरा."

गावाच्या माना तेव्हा कुठे वर झाल्या. भोयांनी पालखी खाली ठेवली. खोत उडी मारून पळाला, गुडघाभर चिखलात धडपडला, जोडे तिथेच टाकून रांगत सुटला, तो परत आलाच नाही म्हणे. लोकांनी जानूला वर ओढले आणि ती रिकामी पालखी खांडीत लोटून वर माती घातली. उधाण आले, पालखीपर्यंत चढले आणि मागे फिरले. खोताचा वास खाडीलाही सोसवला नसेल.

आजही आषाढातल्या उधाणाआधी गाव चिखलाचा खोत करतो. बायका त्याच्या तोंडावर थुंकतात आणि त्याला बांधात पुरतात. बांधावर राबणारे त्यांचे नवरे त्या वेळी वर, कोरड्यात उभे असतात. त्या एका दिवशी त्यांना कुणी खाली, जानूच्या जागी, उतरू देत नाही.