सगुणाच्या दहा शेळ्या

पाथरवाडीत सगुणा नावाची एक बाई राहायची. तिच्याकडे दहा शेळ्या होत्या, पण तोंडात ‘नाही’ हा शब्द नव्हता.

गावाला लागून ऊस होता आणि उसात बिबट्या. त्याने तिचं एक करडू उचलून नेलं. तेव्हापासून पाचोळा वाजला तरी सगुणा दचकायची. अशात सरकारी योजना आली. ज्याच्या घरी दहा शेळ्या, त्याला पक्क्या गोठ्यासाठी अनुदान. सगुणाने लगेच अर्ज केला. आणि ज्यांच्या घरात शेळीची दोरीसुद्धा नव्हती, अशा तिघांनीही केला.

तपासणीच्या सकाळी उपसरपंच बाजीराव तिच्या दारात आले. “सगुणावहिनी, शेळ्या द्या जरा. साहेबांनी बघितल्या की लगेच परत.” मागोमाग केरबा दुकानदार आला, मग गिरणीवाले नाना. त्या गावात लग्नातली पातेली घरोघर फिरायची. शेळ्या फिरल्या तर काय बिघडलं, असं सगळ्यांना वाटलं. सगुणाने शेळ्यांची दावी मुठीत घट्ट धरली. तोंडातून मात्र “न्या की” एवढंच आलं.

साहेब आले. बाजीरावांच्या अंगणात त्यांनी शेळ्या मोजल्या, फोटो काढला. कान तुटलेल्या चिंगी नावाच्या शेळीला कौतुकाने खिशातलं बिस्किट दिलं. ते चहा पीत होते, तेवढ्यात शेळ्या मागच्या बोळातून केरबाकडे पोचल्या. तिथे चिंगी सरळ साहेबांच्या खिशाशी आली. “मोठं माणसाळलेलं जनावर आहे,” साहेब म्हणाले. नानांकडे तर तिने खिशात तोंडच घातलं. साहेबांनी बिस्किट दिलं आणि चष्मा पुसला.

शेवटी सगुणाचं घर. शेळ्या धापा टाकत आल्या. चिंगीने साहेबांना पाहिलं आणि पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर ठेवले.

“बाई, ही तर उपसरपंचांची शेळी!”

“माझी आहे हो, साहेब!”

“ते तिघंही असंच म्हणाले.”

सगुणाने मागे पाहिलं. बाजीराव आभाळ बघत होते. केरबा चपलेचा अंगठा बघत होता. नाना तर दिसतच नव्हते.

साहेबांनी कागद मिटले. “घरं चार आणि शेळ्या दहा! कुणाच्या, ते चौकशीत ठरेल. तोवर चौघांचेही अर्ज थांबले.”

शेळ्या सगुणाच्याच, हे ठरायला वर्ष लागलं. बिबट्या काही चौकशीसाठी थांबणार नव्हता. म्हणून ते वर्षभर सगुणा दहा शेळ्यांना घेऊन स्वयंपाकघरात झोपली. उशी चिंगीकडे होती.

पुन्हा तपासणीचा दिवस उजाडला. बाजीराव पुन्हा दारात हजर. “वहिनी, यंदा पाच माझ्या स्वतःच्या आहेत. पाचच कमी पडतात बघा.”

“नाही!” सगुणा म्हणाली. इतक्या मोठ्याने, की ती स्वतःच दचकली.

थोड्या वेळाने साहेब आले. चिंगीला बिस्किट मिळालं. या खेपेला तिचा फोटो एकदाच निघाला.

तात्पर्य: भिडेपोटी आपलं खरं दुसऱ्याच्या खोट्याला उसनं देऊ नये, ते परत येतं तेव्हा आपलंच आहे हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.