काजळगडचं अर्धं दार

‘काजळगडचा राक्षस’ ही जुनी अद्भुत कादंबरी नव्यानं छापायची ठरली, तेव्हा प्रकाशक दिनकरराव ओळंबे यांनी भर बैठकीत कुमुदिनीबाईंची मूळ चित्रं बाद केली. टेबलावर नवी रंगीत चित्रं पसरली होती. त्यातल्या राक्षसाचे सुळे टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभावेत इतके चकचकीत होते.

“बाई, तुमची काळी-पांढरी चित्रं आता कोण बघतंय?” दिनकरराव म्हणाले. “मुलांना राक्षस दिसला पाहिजे, राक्षस!”

राग गिळायची बाईंना जन्माची सवय होती. आज मात्र तो गिळवेना.

“लहानपणी तुम्ही वाचली होतीत ना ही? तेव्हाचा राक्षस आठवतो?”

“म्हणजे काय! तीन डोळे, डावा सुळा तुटका, दाढीत शेवाळ. आठ वर्षांचा होतो, आठवडाभर आईला चिकटून झोपत होतो!”

बाईंनी जुनी प्रत उघडून त्यांच्यापुढे सरकवली. चित्रात एक अर्धवट उघडं दार होतं, आत काळोख, आणि उंबऱ्यावर टेकलेली पाच बोटं. दिनकररावांनी सगळी पानं उलटून पाहिली. राक्षसाचं तोंड कुठेच नव्हतं. लेखकानंही ते वर्णिलं नव्हतं.

“मी फक्त दार काढलं होतं, दिनकरराव. राक्षस तुम्ही काढलात.”

कुणीतरी हसू दाबलं. दिनकररावांचे कान लाल झाले. “असेल. पण नवी चित्रं छपाईला गेलीत.”

“जाऊ द्या की,” बाई पिशवी उचलत म्हणाल्या. “आठ वर्षांच्या दिनकरनं माझ्याहून चांगला राक्षस काढला होता. आता पन्नाशीचे दिनकरराव सगळ्या पोरांच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेताहेत.”