भागीवर राज्य आलं त्याची गोष्ट

गोष्ट सांगावी तर मीच, बरं का. आसपासच्या बारा गावांत माझ्या तोडीचा नाही. म्हणजे एक होता, माझ्याहून चांगली सांगायचा. तो गेला, म्हणून आता माझा नंबर पहिला. आणि ही गोष्टही माझी नाही, तुमच्या आजीची आहे. भागीरथीबाईंचा आज घसा बसलाय. देवानं चाळीस वर्षांनी माझं ऐकलं. त्यामुळे आजीबाईची गोष्ट आज आजोबा सांगणार. शिक्षण विचारू नका. चौथी दोनदा केली, म्हणजे आठवीच झाली की.

मुक्ते, ती पट्टी आधी खाली ठेव. उद्या शाळेत मॉनिटर निवडणार म्हणून आजपासूनच आम्हाला रांगेत बसवतेस होय? नीज इकडे. शार्दूल, पाय आवर.

एकदा काय झालं, एक राजा म्हातारा झाला. नाव मोठं होतं त्याचं, मी विसरलो. त्याला मूलबाळ नव्हतं. एक पागोटं होतं. साधंसुधं नव्हे, बोलकं पागोटं. राजानं चूक केली की ते कपाळावर आवळायचं. बरोबर वागला की सैल व्हायचं. आमच्या घरी हे काम कोण करतं ते मी सांगत नाही.

एके दिवशी पागोटं म्हणालं, "राजा, तू थकलास. होळीच्या आत माझ्यासाठी नवं डोकं बघ. नाही बघितलंस तर मी उडून जाईन. आणि नदी माझ्या शेमल्याला धरून माझ्याबरोबर येईल."

राजा घाबरला. पागोटं गेलं तर टोपी घालता येईल. नदी गेली तर गावं काय पिणार? मग त्यानं पागोटं पेटीत ठेवलं, साधा सदरा घातला आणि प्रधानाला घेऊन निघाला. म्हणाला, "मोठी डोकी सगळी पाहून झाली. आता शाळेतली बघू."

पहिल्या गावात गेला. गुरुजींनी एक मुलगा पुढे केला. त्याचा आवाज असा, की "बसा!" म्हटलं की मुलंच काय, बाहेरची म्हैससुद्धा बसायची. मग राजानं त्याच्या डोक्यावर पागोटं ठेवलं. ते असं आवळलं की पोरगं म्हशीसारखंच ओरडलं. पागोटं म्हणालं, "तोंड मोठं आहे, पण कानाला भोकंच नाहीत. पुढे चला."

मग दुसऱ्या गावात गेला. तिथला मुलगा पहिल्या नंबरचा. तीसपर्यंत पाढे उलटे पाठ. राजानं त्याच्या डोक्यावर पागोटं ठेवून विचारलं, "बाळ, नदीला पूर आला तर काय करशील?" तो म्हणाला, "पुराची व्याख्या सांगू की पुराची कारणं?" पागोटं घसरून त्याच्या नाकावर आलं. म्हणालं, "याला उत्तरं सगळी येतात. माणसं येत नाहीत. पुढे चला."

आता होळीला चारच दिवस उरले, बरं का.

मग तो तिसऱ्या गावात गेला. मधली सुट्टी झाली होती. चिंचेखाली पोरांचा लपंडाव रंगला होता. राजा झाडाजवळ पोचतो तोच एकच गलका झाला, "राज्य आलं! राज्य आलं!"

राजा खूश. प्रधानाला म्हणाला, "बघा, साध्या सदऱ्यातही ओळखलं मला."

तेवढ्यात एक पोरगं ओरडलं, "ओ आजोबा, सरका की! भोज्ज्यावर उभे आहात!"

राजा सरकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी सरकायला सांगितलं होतं. बघतो तर खोडाला तोंड लावून एक गोल गरगरीत मुलगा रडत होता. त्याचं नाव नाथ्या.

राजानं विचारलं, "का रे रडतोस?"

"माझ्यावर राज्य आलंय."

"वेडा आहेस का? राज्यासाठी लोक लढाया करतात!"

"मग घ्या तुम्हीच! नऊ दिवस झाले, माझ्यावरच आहे. मला पळता येत नाही. शोधायला गेलो की मागून येऊन धप्पा घालतात."

राजा खालीच बसला. राज्य नको म्हणून रडणारा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याच्या दरबारात सगळे उलट कारणासाठी रडायचे.

तेवढ्यात कौलांच्या ढिगामागून एक मुलगी बाहेर आली. दोन वेण्या, एक सुटलेली. नाव भागी.

काय गं मुक्ते? आजीचं नाव? असतात गं एकेक नावं. मध्ये बोलू नकोस.

भागी म्हणाली, "आज याचं राज्य मी घेते."

पोरं ओरडली, "असं नसतं!"

"नसतं, माहीत आहे. पण उद्या हा खेळायला येणार नाही. मग सगळ्यांत हळू कोण पळतं? तू, गणू. मग परवा तू येणार नाहीस. शेवटी मी एकटी झाडाशी लपंडाव खेळू का?"

गणूनं विचार केला आणि लगेच म्हणाला, "घेऊ दे तिला, घेऊ दे."

मग भागीनं नाथ्याला जवळ ओढलं. "तुला पळता येत नाही ना? नको पळूस. डोळे मीट आणि ऐक. कुठे काय वाजतंय?"

नाथ्या नाक पुसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "पिंपामागे कोणीतरी चिंच चोखतंय. आणि गोठ्यात शकूचे पैंजण."

भागी तिकडे धावली. दोघं सापडली. मग तिसरा सापडला, चौथा सापडला. नाथ्या रडायचा थांबला आणि फुशारक्या मारायला लागला. आजतागायत थांबलेला नाही.

इकडे पेटीत पागोटं उड्या मारायला लागलं. "हेच डोकं! हेच डोकं!"

राजानं पागोटं भागीच्या डोक्यावर ठेवलं. ते थेट हनुवटीपर्यंत उतरलं! आतून भागी म्हणाली, "अंधार झाला."

राजाला रडू फुटलं. "बसत नाही रे हे! होळी आली. आता नदी जाणार!"

पागोटं वैतागलं. म्हणालं, "राजा, मी डोकं बघ म्हटलं होतं. घाल म्हटलं होतं का? बघायचं काम आज झालं, नदी जात नाही. आता हे डोकं वाढव. मी थांबतो, तूही थांब."

बोलता बोलता पागोटं 'मी थांबतो' म्हणालं, 'थांबतं' म्हणायचं विसरलं. त्याचीही चौथी माझ्यासारखीच झालेली.

मग राजानं काय केलं? भागीला वाड्यावर नेलं नाही. तिची शाळा, तिची चिंच, तिचे सवंगडी, सगळं तिथंच ठेवलं. फक्त दर वर्षी तिला एकेक लहानसं राज्य दिलं.

पहिल्या वर्षी गुरांच्या हौदाचं राज्य. भागी हौद भरून ठेवायला विसरली, गुरं तहानली. तिला वाटलं, आता राजा पागोटं डोक्यावर ठेवणार आणि ते आवळणार. राजा म्हणाला, "मीही विसरलो होतो. माझ्या वेळी हत्ती तहानले होते. चल, बादली धर." दोघांनी मिळून हौद भरला.

दुसऱ्या वर्षी बाजाराचं राज्य. दोन कुंभारणी बसायच्या जागेवरून भांडत होत्या. भागी दिवसभर दोघींच्या मध्ये बसून नुसती ऐकत राहिली. संध्याकाळी त्या दोघी भांडण विसरल्या, आणि ही उपाशी बसलीय म्हणून मिळून तिला रागावल्या.

तिसऱ्या वर्षी नदीकाठाचं राज्य. त्या पावसाळ्यात एका दुपारी नाथ्या धापा टाकत आला. "भागे, नदीचा आवाज बदललाय. दगड घरंगळल्यासारखा येतोय." आकाश तर निरभ्र होतं. लोक हसले. पण भागी हसली नाही. नाथ्याचे कान तिला ठाऊक होते. तिनं काठावरची घरं रिकामी केली. म्हातारी माणसं आधी, मग लेकरं, मग गुरं, आणि सगळ्यांत शेवटी आपण. मग वरून लोंढा आला. भिंती गेल्या, चुली गेल्या. पण एकही माणूस गेलं नाही, बरं का.

दुसऱ्या दिवशी राजानं पागोटं पुन्हा ठेवून पाहिलं. अगदी बरोबर बसलं. आवळेना की घसरेना.

राजानं सगळ्यांसमोर हात जोडले. चिंचेखालच्या पोरांना म्हणाला, "तुम्ही मला भोज्ज्यावरून सरकवलंत, तुमचे उपकार आहेत." मग भागीनं नाथ्याला पुढे बोलावलं. "याच्यावर नऊ दिवस राज्य होतं, म्हणून मला ते घेता आलं. याच्या कानांनी गाव वाचलं." नाथ्यानं खिशातून कोवळ्या चिंचा काढल्या आणि तिच्या ओंजळीत ओतल्या. तेवढंच त्याच्याजवळ होतं. अजूनही दर वर्षी पहिल्या चिंचा तो तिलाच देतो.

तेव्हापासून त्या मुलखात भागीला राज्य मिळालं असं कोणी म्हणत नाही. भागीवर राज्य आलं, असंच म्हणतात. नदी वाहती राहिली, भागीराणी सुखी झाली, नाथ्या तर फारच सुखी झाला. गोष्ट गेली चिंचेवर, तुम्ही जा गोधडीत. मिटा डोळे.

"आजोबा, नाथ्या पुढे काय झाला?"

"मोठा माणूस झाला गं मुक्ते. गोष्टी सांगतो, पाय पसरून निजतो. राणी आहे ना राज्य सांभाळायला. तिच्यावर तो फार खूश आहे."

तेवढ्यात आतून बसलेल्या घशाचा आवाज आला:

"खूश आहे ना? मग उठा म्हणावं, आणि मच्छरदाणी बांधा. आज राज्य तुमच्यावर."