लाल उजेड आणि निळीचा रांजण

नदीकाठच्या एका गावात गोजराबाई नावाची रंगारीण राहत होती. तिच्या निळीला पंचक्रोशीत तोड नव्हती. कापड रांजणातून हिरवट निघायचं आणि वारा लागताच निळंशार व्हायचं. पण रांजणात गूळ किती, चुना किती, टाकळ्याचं बी कधी घालायचं, हे ती कुणाला सांगेल तर शपथ! सून मंजुळा रांजणाजवळ नुसती फिरकली तरी गोजराबाईचा आवाज चढे. "लांब हो! माझी विद्या माझ्याबरोबर जाईल."

रांजण कसा आहे हे ती थेंबभर पाणी जिभेवर ठेवून ओळखत असे. एके वर्षी त्याच जिभेच्या कडेला गाठ आली. गाठ वाढत चालली, बोलणं अडखळू लागलं. गावच्या वैद्याने सांगितलं, जीभ कापावी लागेल. गोजराबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. अहो, जीभ गेली तर बोलायचं कशाने आणि रांजण चाखायचा कशाने?

ती डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या नारोबा वैद्यांकडे गेली. नारोबांनी गाठ निरखून पाहिली.

"कापायला नको. उजेडाने जाईल," ते म्हणाले. "आधी एक काढा घ्या. तो सगळ्या अंगात भिनेल. चांगलं मांस तो पिईल आणि लवकरच सोडून देईल. ही गाठ मात्र हावरी आहे. ती धरून बसेल. मग तिच्यावर लाल उजेड सोडू."

"उजेडाने कुठे गाठ जळते का, वैद्यबुवा?"

"नुसत्या उजेडाने काही होत नाही, बाई. नुसत्या काढ्यानेही नाही. दोघं भेटले आणि श्वासातला प्राणवायू त्यांना मिळाला, की काढा जिथे साठलाय तिथलं मांस जळतं. पण एक सांगून ठेवतो. कातडीत काढ्याचा अंश बरेच दिवस रेंगाळतो. मी सांगेपर्यंत उन्हात पाऊल टाकायचं नाही."

काढा पिऊन गोजराबाई वैद्यांच्या अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. डोळे जडावले. स्वप्नात ती नदीत उभी होती, आणि तिचं सगळं अंग म्हणजे पाण्यात सोडलेली लांबच लांब कापडं होती. कापडांतून रंग सावकाश सुटत होता आणि पाणी तो वाहून नेत होतं. काय हलकं वाटत होतं म्हणून सांगू! एकच गाठोडं रंग सोडेना. तिने ते पिळलं, आपटलं, खळबळलं. ते फुगतच गेलं, आणि त्यातून तिचाच आवाज आला, "माझं आहे. देणार नाही." ती दचकून जागी झाली.

मग नारोबांनी छपराच्या भोकातून आलेला कवडसा आरशावर घेतला, लाल काचेतून गाळला आणि नेमका गाठीवर धरला. जीभ आधी चुरचुरली, मग तिची आग आग झाली. "झालं," वैद्य म्हणाले. "आता ही गाठ हळूहळू मरेल." अंगभर घोंगडी लपेटून, झाकलेल्या बैलगाडीतून गोजराबाई घरी आली आणि खिडक्यांना गोणपाट लावून माजघरात बसली.

इकडे अंगणातल्या रांजणाचा वास बदलू लागला. निळीचा रांजण जिवंत असतो बरं का! वेळेवर खायला मिळालं नाही तर तो मरतो. हा रांजण गोजराबाईच्या सासूने लावलेला. तिने मरण्याआधी तो गोजराबाईच्या हाती सोपवला होता, सगळ्या खुणांसकट. तो कुजका वास माजघरात शिरला आणि गोजराबाईच्या काळजात चर्र झालं.

"बघते कोण अडवतं मला!" पदर डोक्यावर ओढून ती अंगणात निघाली. रांजणापाशी पोचेपर्यंत तिचे हात निखारे ठेवल्यागत जळू लागले. मंजुळाने धावत येऊन तिला आत ओढलं, दार लावलं आणि हातांवर ओले फडके घातले.

"आत्याबाई, रांजण गेला तर जाऊ द्या. तुम्ही राहिलात म्हणजे झालं!" मंजुळा रडत होती.

गोजराबाईलाही रडू कोसळलं. "अगं, सासूने मला सगळं दिलं, आणि मी ते गाठोडं आवळून बसले," ती म्हणाली. "जा, गूळ आण. सांगते." मग ती माजघरातून सांगत राहिली आणि मंजुळा अंगणात करत राहिली. वास सुधारला, रांजणावर पुन्हा फेस धरला.

बऱ्याच दिवसांनी मंजुळाने पहिलं कापड बुडवलं आणि आत आणून धरलं. "बघा ना, रंग जमला का?"

अंधारात कापड नुसतं काळं दिसत होतं. गोजराबाईच्या अगदी जिवावर आलं, पण ती म्हणाली, "मला इथे काय दिसतंय, बाई? उन्हात ने. तुझ्या डोळ्यांना पटेल तो रंग खरा."

मंजुळा बाहेर गेली. तिने कापड उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. मग अंगणातून हाक आली, "आत्याबाई, अजून एकदा बुडवते!"

"बुडव की!" गोजराबाई ओरडली, आणि तिच्या ध्यानात आलं, बोलताना जीभ कुठेच अडखळली नव्हती.

तात्पर्य: शरीर असो की विद्या, घेतलेलं वेळेवर सोडून देतं तेच तगतं, जे सगळं आपल्यापाशीच धरून ठेवतं, ते त्या साठ्यापायीच जळून जातं.